‘माय मॅन गॉडफ्री’ आणि त्यातली बाजूची मंडळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोष्ट काय आहे? शेवट सांगू नका.

१९३६चा हा हॉलिवूडचा सिनेमा, ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ या विनोदी जातीचा. न्यूयॉर्क, १९३०च्या दशकातल्या महामंदीचा काळ. ईस्ट नदीच्या काठी, पुलाच्या खाली शहराचा उकिरडा आहे आणि त्यावर खोपटी घालून कामधंदा गेलेली माणसं राहतात. एका रात्री तिथे पार्टीचे गाऊन घातलेल्या दोन बहिणी येऊन उतरतात. एका बड्या हॉटेलात श्रीमंतांचा खेळ रंगलाय : कुणालाच नको असलेल्या गोष्टी शोधून आणायच्या. यादीत बकरी आहे आणि ‘विसरला गेलेला माणूस’सुद्धा आहे. थोरली, कॉर्नेलिया, गॉडफ्री नावाच्या दाढी वाढलेल्या माणसाला (विल्यम पॉवेल) पाच डॉलर देऊ करते. तो शांतपणे एकेक पाऊल पुढे येतो आणि ती मागे सरकत सरकत राखेच्या ढिगात जाऊन बसते. धाकट्या आयरीनला (कॅरोल लोम्बार्ड) हसू आवरत नाही. थोरलीची जिरावी म्हणून गॉडफ्री धाकटीबरोबर जातो, तिला जिंकून देतो आणि जमलेल्या मंडळींना चार खरे शब्द सुनावतो. आयरीन त्याला तिथल्या तिथे बटलर म्हणून कामावर ठेवते.

तिच्या घरात, म्हणजे बुलक कुटुंबात, बटलर टिकत नाहीत. सकाळी लायब्ररीत घोडा सापडतो, असं ते घर. हा टिकतो. मग आयरीन त्याच्या प्रेमात पडते, कॉर्नेलिया त्याच्या मागे हात धुऊन लागते, आणि हा माणूस मुळात कोण, याचा पत्ता हळूहळू लागत जातो.

‘विसरला गेलेला माणूस’ हे पटकथेचं शोधलेलं नाही. १९३२च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना, फ्रँकलिन रूझवेल्टनी रेडिओवरच्या भाषणात आर्थिक उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसासाठी हे शब्द वापरले होते. १९३६च्या प्रेक्षकाला ते पाठ होते. त्या माणसाला खेळातली वस्तू करून टाकणं किती जहाल होतं, हे आज समजावून सांगावं लागतं.

स्क्रूबॉल कॉमेडी कशाला म्हणतात?

बहुतेकांना वाटतं की नायक-नायिका भांडली की झाली स्क्रूबॉल. एवढ्यावर भागत नाही. साधारण १९३४ ते १९४२ या काळातल्या हॉलिवूडच्या या विनोदी सिनेमांत तीन-चार गोष्टी एकत्र लागतात : पैसेवाल्यांचा मूर्खपणा, तडतडत्या लाह्यांसारखे संवाद, पुरुषाच्या आधी निर्णय घेऊन मोकळी होणारी बाई, आणि एक भला शहाणा माणूस जो या गोंधळात चुकून सापडलाय. १९३४च्या मध्यापासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने सेन्सॉरची संहिता कडक केली. पडद्यावर शृंगार दाखवायची चोरी झाली, तेव्हा लेखकांनी तोच सगळा जोर भांडणात ओतला. बाहेर मंदी होतीच. श्रीमंतांना हसायला गरीब प्रेक्षक तिकीट काढत होता आणि त्यांचे दिवाणखाने डोळे भरून बघतही होता.

आपल्याकडे हा प्रकार अनेकांनी नाव न कळता पाहिलेला आहे. याच जातीचा १९३४चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हिंदीत राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) झाला, पुढे १९९१ला ‘दिल है के मानता नहीं’. ‘चोरी चोरी’च्या बाजूच्या मंडळींत गोप, जॉनी वॉकर, डेव्हिड आणि आपले भगवानदादा आहेत. ‘अलबेला’ (१९५१) गाजवून झालेला नट दुसऱ्याच्या सिनेमात चार प्रसंगांपुरता येतो, यातच या शैलीचं मर्म थोडंफार आलं.

पॉवेल आणि लोम्बार्ड एवढे मोठे तारे असताना बाजूच्या नटांची एवढी चर्चा का?

कारण हा सिनेमा त्यांच्यावर उभा आहे. नायक बाहेरचा, नायिका अर्धीमुर्धी हवेत. ज्या घरात गोष्ट घडते ते घर आई, बाप, थोरली मुलगी, पोसलेला कलावंत आणि मोलकरीण या पाच जणांनी बांधलंय.

आवाज ऐका. आई झालेली ॲलिस ब्रॅडी उंच पट्टीत, न थांबता, चिवचिवाटासारखं बोलते. बाप झालेला यूजीन पॅलेट खर्जात गुरगुरतो. पोसलेला कलावंत मिशा ऑअर बोलतो कमी आणि खातो जास्त. थोरली मुलगी झालेली गेल पॅट्रिक सावकाश, बर्फासारखं बोलते. जीन डिक्सनची मोलकरीण कोरडी, तिरकस. हे सगळे एकाच वेळी बोलले तरी कोण काय म्हणतंय ते कळतं, कारण एकाचा स्वर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. त्या गोंगाटाच्या मध्ये विल्यम पॉवेल ट्रे घेऊन स्थिर उभा. त्याच्या स्थिरपणाला जी धार आहे, ती या पाच जणांनी लावलेली आहे. भोवतीची माणसं साधी असती तर तोच अभिनय मचूळ वाटला असता.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा बोलणाऱ्याकडे बघू नका, न बोलणाऱ्याकडे बघा. एक जण बडबडतो तेव्हा बाकीचे चौघे रिकामे बसलेले नसतात.

बापाचं काम करणारा तो जाडा, घोगऱ्या आवाजाचा नट कोण?

यूजीन पॅलेट. जन्म १८८९, विनफिल्ड, कॅन्सस. आवाज ऐकून वाटतं की हा माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय. गंमत म्हणजे मूकपटांत तो सडपातळ होता आणि नायकाची कामं करायचा. दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) मधल्या फ्रेंच कथेतला तरुण प्रेमिक तोच. नंतर अंग सुटलं, बोलपट आले, आणि त्या आवाजाने त्याला दुसरा जन्म दिला.

पॉवेलशी त्याची जोडी जुनी. १९२९च्या ‘द कॅनरी मर्डर केस’पासून पॉवेल हा डिटेक्टिव्ह फायलो व्हान्स आणि पॅलेट हा त्याचा थोडा मठ्ठ सार्जंट हीथ. इथे मालक-नोकर म्हणून ते समोरासमोर येतात तेव्हा दोघांना एकमेकांचा वेग आधीच ठाऊक आहे, हे जाणवतं.

अलेक्झांडर बुलक हे पात्र कागदावर साधं आहे : बिलं भरणारा, वैतागलेला नवरा. पॅलेटने त्यात एक गोष्ट घातली. हा माणूस घरच्यांना सतत काहीतरी गंभीर सांगायला बघतो. पैसा संपत आलाय, हे ते. दर वेळी वाक्य अर्धं तुटतं, कारण कुणीतरी मध्येच दुसरं काहीतरी सुरू करतं. तो आवाज चढवतो, मग सोडून देतो. आपण हसतो, आणि हे वाक्य एकदा पूर्ण होणार आहे हे विसरतो. ते पूर्ण होतं तेव्हा खोलीत खरोखर शांतता पसरते. सुरुवातीच्या पार्टीत बारपाशी उभा राहून तो म्हणतो की वेड्यांचं इस्पितळ काढायला एक रिकामी खोली आणि योग्य माणसं एवढंच लागतं. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला मात्र त्याची तुटलेली वाक्यं जास्त आवडतात.

आई खरंच इतकी बावळट आहे का? अभिनय जरा जास्तच नाही वाटत?

आजच्या कानाला पहिली दहा मिनिटं जास्त वाटतो, खरं आहे. थोडा धीर धरा. ॲलिस ब्रॅडी ही ब्रॉडवेची खानदानी नटी. वडील विल्यम ब्रॅडी मोठे नाट्यनिर्माते. १९३१मध्ये नाटककार यूजीन ओनीलच्या ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’च्या पहिल्या प्रयोगातली लॅव्हिनिया तिने केली होती. शोकांतिकेचं इतकं जड ओझं पेललेली बाई अँजेलिका बुलकसारखी भिंगरी करते, तेव्हा ती बावळटपणा आतून रचत नेते. अँजेलिकाच्या डोक्यात दुष्ट हेतू शिरूच शकत नाही, कारण एखादा विचार तिथे तेवढा वेळ थांबतच नाही.

पहिल्या सकाळचा प्रसंग बघा. रात्रीची उतरायची आहे, डोळ्यांपुढे बुटके नाचतायत, आणि दारात अनोळखी माणूस ट्रे घेऊन उभा. तिला तो त्या बुटक्यांपैकीच एक वाटतो. ती दचकत नाही, ओरडत नाही. पाहुण्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलते. दुसरी एखादी नटी इथे डोळे वटारून हशा वसूल करती.

पुढच्याच वर्षीच्या कामासाठी, म्हणजे ‘इन ओल्ड शिकागो’साठी, तिला ऑस्कर मिळालं. १९३९मध्ये, पन्नाशीही न गाठता, ती कर्करोगाने गेली.

कार्लो हे काय प्रकरण आहे? आणि तो गोरिला?

कार्लो हा अँजेलिकाने पोसलेला कलावंत. कसली कला, ते कुणी विचारत नाही. खाणं, खिडकीपाशी खिन्न उभं राहणं, पियानोवर तीच एक रशियन धून, ‘ओची चोर्निये’, पुन्हापुन्हा वाजवणं आणि पैशाचा विषय निघाला की पैसा कसा आत्म्याचा घात करतो असं विव्हळणं, हा त्याचा दिनक्रम. त्या काळच्या बड्या घरांत असले ‘आश्रित’ असत, आणि पटकथेने त्यांना सोललंय.

आता गोरिला. आयरीन रुसून बसलीय. आई म्हणते, कार्लो, तिला गोरिला करून दाखव. आधी तो आढेवेढे घेतो, प्रतिष्ठित कलावंत आहे ना. मग केस कपाळावर, खालचा ओठ पुढे, हात गुडघ्यांपर्यंत लोंबलेले, आणि हा उंच, हाडकुळा, सूट घातलेला माणूस सोफ्यांवरून उड्या मारत दिवाणखानाभर धुमाकूळ घालतो. आयरीनचं रडणं थांबायच्या ऐवजी वाढतं. आई कौतुकाने बघत राहते. आणि प्रसंग थांबता थांबत नाही. शहाणा दिग्दर्शक जिथे कट म्हणेल त्याच्या बऱ्याच पुढे तो जातो. कार्लोला या घरात जेवण कशासाठी मिळतं, हे यात एक शब्द न बोलता कळतं. मला हा प्रसंग दर वेळी थोडा भेसूर वाटतो. तसा वाटावा, अशीच योजना असणार.

मिशा ऑअरचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा, १९०५. आजोबा लिओपोल्ड ऑअर, म्हणजे हायफेट्झसारख्यांचे व्हायोलिनचे गुरू. आडनाव त्यांचंच घेतलं. याआधी तो बहुतेक काळे धंदे करणाऱ्या परक्यांच्या बारीकसारीक भूमिका करायचा. १९३५च्या ‘क्लाइव्ह ऑफ इंडिया’त तर चक्क सिराज उद्दौला होता. गोरिलाने त्याचं नशीब पालटलं आणि त्याला अडकवूनही टाकलं : पुढे आयुष्यभर विक्षिप्त रशियन. ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ (१९३८) मधला बॅले मास्तर आणि ‘डेस्ट्री राइड्स अगेन’ (१९३९) मधला विजार हरवून बसलेला गडी, दोन्ही तोच.

कॉर्नेलिया खलनायिका आहे का?

सिनेमा तिला तसं वागवतो, गेल पॅट्रिक तसं वागवू देत नाही. घरात गॉडफ्रीइतकी बुद्धी असलेली ती एकटीच. त्यामुळे पहिल्या रात्री राखेत पडण्याचा अपमान तिला एकटीलाच नीट समजलेला आहे. गॉडफ्रीला अडकवायला मोत्यांच्या हाराचा डाव ती रचते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नसतो, हिशेब असतो. लोम्बार्ड सगळीकडे उधळत असताना पॅट्रिक जागची हलत नाही, आणि दोघी एका चौकटीत आल्या की डोळा तिच्याकडेच जातो.

ही बाई मूळची अलाबामाची, कायद्याची विद्यार्थिनी. पॅरामाउंटच्या ‘पँथर वुमन’ स्पर्धेसाठी हॉलिवूडला आली, ती भूमिका मिळाली नाही, करार मिळाला. थंड, देखणी, नायिकेच्या वाटेतली दुसरी बाई, यातच कारकीर्द गेली. ‘माय फेव्हरिट वाइफ’ (१९४०) मध्येही ती दुसरी बायकोच. नंतर तिने अभिनय सोडला आणि ‘पेरी मेसन’ या टीव्ही मालिकेची (१९५७ ते १९६६) कार्यकारी निर्माती झाली. ज्या काळात टीव्हीच्या त्या खुर्चीत बाई दिसत नव्हती, त्या काळात. कॉर्नेलियाने हेच केलं असतं.

मोलकरीण मॉलीबद्दल कुणीच लिहीत नाही.

लिहायला हवं. जीन डिक्सन ब्रॉडवेवरची, विनोदाची पक्की जाण असलेली नटी. मॉली ही या घरातल्या वेडाची अधिकृत दुभाषी आहे. नव्या बटलरला पहिल्या सकाळी ती घराचा नकाशा समजावते, आणि समजावताना तिच्या बोलण्यात ना तक्रार ना कौतुक. हवामान सांगावं तसं. मग कळतं की तीही गॉडफ्रीवर जीव लावून बसलीय. पटकथा हे जेमतेम दोन ठिकाणी दाखवते. आयरीन आणि मॉली एकाच माणसासाठी रडतात, तो प्रसंग विनोदी आहे. पण एकीला तो मिळू शकतो आणि दुसरीला नाही, हे दोघींना माहीत आहे. स्क्रूबॉलमध्ये नोकरांच्या वाट्याला एवढं क्वचित येतं.

गॉडफ्रीचा मित्र टॉमी?

ॲलन मोब्रे, इंग्रज. इतर सिनेमांत हा बहुतेक वेळा बटलर असतो, ‘टॉपर’मध्ये (१९३७) आहेच. इथे मात्र तो साहेब आणि साहेब शोभणारा पॉवेल बटलर. पार्टीत मित्राला ओळखल्यावर त्याची जी तारांबळ उडते आणि तो ज्या थापा मारतो, त्यात गॉडफ्रीला बायको आणि पाच मुलं आहेत ही थाप सर्वोत्तम. पडद्याबाहेर मोब्रे हा १९३३मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक.

गर्दीत आणखी कोण ओळखू येतं?

खेळाच्या रात्री व्यासपीठावर वस्तू तपासणारा टापटीप गृहस्थ म्हणजे फ्रँकलिन पँगबोर्न. हॉटेलचे व्यवस्थापक, दुकानातले विक्रेते अशी चिडकी, नाजूक पात्रं त्याने ढिगाने केली. ज्याच्याशी आयरीन निव्वळ खुन्नस म्हणून साखरपुडा जाहीर करते तो भांबावलेला चार्ली म्हणजे ग्रेडी सटन. त्याला स्वतःलाही बातमी त्याच वेळी कळते, आणि तेवढ्या काही सेकंदांत सटन जे करतो ते बघण्यासारखं आहे.

ऑस्करची काय भानगड आहे?

सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री हे दोन पुरस्कार १९३६च्या चित्रपटांपासून सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षी ‘माय मॅन गॉडफ्री’ला अभिनयाच्या चारही गटांत नामांकन मिळालं : पॉवेल, लोम्बार्ड, ऑअर, ब्रॅडी. असं होणारा हा पहिला सिनेमा. शिवाय दिग्दर्शन आणि पटकथा. एकूण सहा. हाती काय लागलं? काही नाही. ४ मार्च १९३७च्या रात्री लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात सहायक अभिनेत्याचं बक्षीस वॉल्टर ब्रेननने नेलं, अभिनेत्रीचं गेल सोन्डरगार्डने.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी त्या वर्षी दहा नामांकनं होती, त्यात गॉडफ्री नव्हता. गॉडफ्री काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओचाच ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ होता, आणि त्यातही ब्रॅडी आणि ऑअर आहेत! पॉवेलचा ‘द ग्रेट झिगफेल्ड’ सर्वोत्कृष्ट ठरला, त्याचाच ‘लायबल्ड लेडी’सुद्धा यादीत होता. म्हणजे मंडळी सगळी हजर, फक्त सिनेमा चुकीचा.

आणखी दोन गोष्टी. सहायक कलाकारांना सुरुवातीला पुतळा मिळत नसे, फलक मिळे; पूर्ण आकाराचा पुतळा द्यायला १९४३चे चित्रपट उजाडले. ब्रॅडीला पुढच्या वर्षी मिळालं तेही फलकच. आणि यूजीन पॅलेटला कसलंच नामांकन नाही, ना या वर्षी ना पुढे कधी. ऑअरचं काम डोळ्यांत भरतं, पॅलेटचं मुरत जातं. मतं डोळ्यांत भरणाऱ्याला पडतात.

पॉवेल आणि लोम्बार्ड खरंच नवरा-बायको होते?

होते, ‘होते’ भूतकाळातच. १९३१मध्ये लग्न, १९३३मध्ये घटस्फोट. सिनेमा त्यानंतरचा, आणि आयरीनसाठी लोम्बार्डच हवी असा आग्रह पॉवेलनेच धरला असं सांगितलं जातं. संबंध चांगले राहिले. जानेवारी १९४२मध्ये लास वेगासजवळ विमान कोसळून लोम्बार्ड गेली. वय अवघं ३३.

एवढ्या गोंधळाला शिस्त कुणी लावली?

ग्रेगरी ला काव्हा. मूळचा व्यंगचित्रकार, मग ॲनिमेशनमध्ये, मग विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सबरोबर मूकपट. पटकथा एरिक हॅच आणि मॉरी रिस्किंड यांची, हॅचच्याच कादंबरीवरून. पण ला काव्हा सेटवर सकाळी प्रसंग नव्याने लिहायचा, नटांना काय सुचतंय ते बघून. स्टुडिओच्या साहेबांना असले दिग्दर्शक नको असतात, कारण वेळापत्रक कोलमडतं. बाजूच्या नटांना मात्र ही पर्वणी. ज्याला एरवी दाखवलेल्या खुणेवर उभं राहून दोन वाक्यं म्हणायची असतात, त्याला इथे प्रसंग वाढवायची मुभा होती. गोरिला इतका लांबला तो अशाच सेटवर लांबू शकतो.

श्रेयनामावलीही चुकवू नका. नदीकाठच्या इमारतींवर दिव्यांच्या पाट्या एकेक करून पेटतात, प्रत्येक पाटीवर एक नाव. कॅमेरा सरकत सरकत झगमगाट मागे टाकतो आणि पुलाखाली येऊन थांबतो. चित्र जिवंत होतं : तो उकिरडा असतो.

शेवट पटत नाही. सिनेमा अखेर श्रीमंतांचीच बाजू घेतो ना?

(इथून शेवट उघड होतो. बघितला नसेल तर पुढच्या प्रश्नावर जा.)

तक्रार रास्त आहे. गॉडफ्री हा मुळात बॉस्टनच्या गडगंज पार्क घराण्यातला निघतो. प्रेमभंगाने खचून नदीत जीव द्यायला आलेला, आणि उकिरड्यावरच्या माणसांची जिद्द बघून परत फिरलेला. म्हणजे ‘विसरला गेलेला माणूस’ म्हणून आपण ज्याच्यावर जीव लावला तो मुळात त्यांच्यातलाच. पुढे कॉर्नेलियाने त्याला अडकवायला लपवलेला हार तो गहाण टाकतो, त्या पैशावर शेअर बाजारात बुलकांच्या पडत्या शेअरांवर डाव खेळतो, कुटुंबाला वाचवतो आणि उरलेल्या पैशातून उकिरड्याच्या जागी ‘द डम्प’ नावाचा नाइट क्लब काढतो. जुन्या सोबत्यांना नोकऱ्या, हिवाळ्यात निवारा. बेकारीवर उपाय काय, तर श्रीमंतांना दारू पाजायची जागा!

राजकारण म्हणून हे लंगडं आहे. मी ते वाचवायचा प्रयत्न करणार नाही. पण त्याच शेवटात पॅलेटचं तुटलेलं वाक्य पूर्ण होतं, ते बघा. बाप शेवटी सांगून टाकतो की आपण बुडालो. त्याआधी तो कार्लोला बाहेर घेऊन जातो, दाराआड आवाज होतो, आणि बापूसाहेब एकटेच परत येतात. कार्लो खिडकीतून गेला. गॉडफ्री हार परत ठेवतो तेव्हा कॉर्नेलियाच्या चेहऱ्यावरचा हिशेब पहिल्यांदा चुकतो. ही दोन माणसं खरोखर बदलतात. नायक-नायिका बदलत नाहीत. आयरीन जशी पहिल्या रात्री त्याला हाताला धरून घेऊन गेली, तशीच लग्नालाही उभं करते. त्याने हो म्हटलंय की नाही, हे विचारायला कुणाला सवड नाही.

कुठली प्रत बघावी? रंगीत आहे ती कशी?

१९६४मध्ये युनिव्हर्सलने स्वामित्वहक्काचं नूतनीकरण केलं नाही, त्यामुळे अमेरिकेत सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला आणि फुकट, धुरकट, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाच्या प्रतींचं पेव फुटलं. इंटरनेटवर पहिली सापडते ती बहुधा यातलीच. शक्य असेल तर क्रायटेरियन या जुने सिनेमे नीट करून काढणाऱ्या कंपनीची स्वच्छ केलेली प्रत मिळवा. टेड टेट्झलाफच्या छायांकनातली चमक आणि ट्रॅव्हिस बँटनने लोम्बार्डसाठी शिवलेले गाऊन धुरकट प्रतीत राखाडी ठिपके होतात. रंगीत आवृत्तीत उकिरडासुद्धा गुलाबी दिसतो. नको.

संवाद फार भरभर आहेत. समजतील का?

इंग्रजी सबटायटल लावा, लाज कसली? ब्रॅडीचं बोलणं अमेरिकन माणसालाही पहिल्या फेरीत पूर्ण कळत नाही. मात्र डोळे खालच्या ओळीवरच खिळू देऊ नका. एखादं वाक्य सुटलं तर सुटलं.

१९५७चा नवा ‘गॉडफ्री’ बघावा का?

डेव्हिड निव्हन, जून ॲलिसन, रंगीत. मंदी नाही, त्यामुळे उकिरडा नाही, त्यामुळे गोष्टीला कारणच नाही. त्यापेक्षा ‘मेरिली वुई लिव्ह’ (१९३८) बघा. भटक्याला घरात घेणारं विक्षिप्त श्रीमंत कुटुंब, उघडउघड गॉडफ्रीच्या यशावर काढलेला सिनेमा. आईच्या भूमिकेत बिली बर्क, तिलाही सहायक अभिनेत्रीचं नामांकन. आणि बटलर? ॲलन मोब्रे.

ही मंडळी आवडली. पुढे कुठे भेटतील?

ब्रॅडीसाठी ‘द गे डिव्होर्सी’ (१९३४), त्यातली आत्या. गेल पॅट्रिकसाठी ला काव्हाचाच ‘स्टेज डोअर’ (१९३७). जीन डिक्सनसाठी ‘हॉलिडे’ (१९३८). तिथे ती आणि एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांचं जोडपं इतकं समंजस आहे की नायक-नायिकेपेक्षा त्यांच्याच घरी जेवायला जावंसं वाटतं. पॅलेट ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये (१९३८) फ्रायर टक म्हणून तलवार चालवतो. पण एकच प्रसंग बघायचा असेल तर ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) लावा आणि नाश्त्याच्या टेबलापर्यंत पुढे न्या. तो गडगंज दारू-कारखानदार आहे, घर नोकरांनी भरलंय, आणि त्याला कुणी नाश्ता आणून देत नाहीये. तो ताटावरची दोन झाकणं हातात घेतो.